रुमालाखालची बोटं

या वह्या लिहायला घेऊन दोन वर्षं झाली. शाळा, तालीम, पलटण, लग्न, सगळं लिहून झालं. साताऱ्याच्या भरतीचा दिवस मात्र मी 'आणि मी भरती झालो' एवढ्या चार शब्दांत ओलांडून पुढं गेलो. आळस म्हणून नाही. तो दिवस घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण लग्नाच्या पंगतीत, बारशाला, पोरांची परीक्षा जवळ आली की, मी तो पन्नास वर्षं सांगत आलो आहे. दर वेळी खोटा सांगितला. ऐकणारे टाळ्या द्यायचे आणि मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचो. आता माझं वय असं झालं आहे की उद्याचं उद्या बघू म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून ही वही मागं उलटून तो दिवस नीट लिहितो.

मॅट्रिक झाल्यावर अण्णांनी मला सांगलीला आत्याकडं धाडलं. अण्णा म्हणजे माझे वडील. कुंडलच्या पलीकडं आमचं गाव, थोडा ऊस, थोडं माळरान. अण्णा फौजेतून नाईक होऊन परत आले होते आणि दारातल्या कट्ट्यावर बसतानाही कवायतीला बसल्यासारखे ताठ बसायचे. साताऱ्याला भरती लागेपर्यंत पोरगं गावात हिंडण्यापेक्षा बहिणीच्या हातचं खाऊन चार बोटं छाती वाढवेल, असा त्यांचा विचार. मी भरती होणार हे त्यांनी गावात सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं. न्हाव्याला, कुलकर्णी मास्तरांना, येणाऱ्याजाणाऱ्या पाव्हण्याला. मला एकट्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आत्याच्या घरात पांढरं असं काही नव्हतं. हळदीच्या बाजाराच्या मागल्या गल्लीत दोन खोल्या, आणि त्या खोल्यांवर बारा महिने हळदीची बारीक धूळ उतरायची. चादरी पिवळ्या, भिंती पिवळ्या, भाकरीचं पीठ चाळलं तरी पिवळसर. घरातलं मांजर मूळचं पांढरं होतं असं आत्या शपथेवर सांगायची. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू. ते अडतीच्या दुकानात सौदे बघायचे. त्यांची नखं इतकी पिवळी की हात धुतल्यावर आणखीच पिवळी दिसायची. शेजारी हळकुंडं घासून चकचकीत करायचा मोठा लोखंडी ढोल होता. सकाळी आठला तो फिरायला लागला की दिवसभर खडखडखडखड. पहिले चार दिवस मला वाटायचं हा आवाज डोक्यातच भरला आहे. पाचव्या दिवसापासून तो ऐकू यायचा बंद झाला. आत्या संध्याकाळी शेंगोळे करायची, वरून कच्च्या तेलाची धार आणि लसणाचा खरडा. अजूनही कुठं कच्च्या तेलाचा वास आला की मला आधी तो ढोल ऐकू येतो आणि मग भूक लागते.

दत्तू आत्याचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. काटकुळा, लांब पायांचा, खांद्यावर कायम पंचा. बापाबरोबर बाजारात जायचा आणि तिथून शिंकत परत यायचा. त्यालाही भरती व्हायचं होतं. का म्हणून मी एकदा विचारलं, तेव्हा तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "मला बर्फ बघायचाय गड्या. जल्मल्यापास्नं सगळं पिवळंच बघतोय. एकदा कायतरी पांढरं बघू दे की."

हळदीचे सौदे तेव्हा रुमालाखाली व्हायचे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. ढिगाभोवती खरेदीदार जमायचे. अडत्याच्या हातावर रुमाल किंवा पंचा टाकलेला असायचा. एकेक खरेदीदार पुढं येऊन त्या कापडाखाली हात घालायचा आणि तोंडातून अक्षर न काढता बोटांनी आपला भाव सांगायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. त्याच्या पुढच्या आकड्यांना तळव्यावर दाबायच्या खुणा होत्या. दोघांची तोंडं दगडासारखी, बोलणं सगळं कापडाखाली. मामा म्हणायचे, "तोंड कायबी बोलतंय पोरांनो. बोट खोटं बोलत न्हाई." दत्तूनं पंधरा दिवसांत मला ही भाषा शिकवली. आम्ही जेवताना डाव्या हातांवर पंचा टाकून आकडे खेळत बसायचो. आत्या वैतागायची. "जेवताना तरी हातं सोडा रं. लगीन लागलंय व्हय तुमचं?"

त्याच बाजारात मला ते पहिल्यांदा झालं. सौद्यांची गर्दी, वर पत्रा, खाली हळदीची धूळ, आणि मी माणसांच्या मधोमध. कशाचं निमित्त झालं मला आजही सांगता येत नाही. एकदम छातीत तो ढोल सुरू झाला. शेजारचा नव्हे, माझा. आत हळकुंडं आपटावीत तसं काळीज आपटायला लागलं, हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, तोंड कोरडं पडलं, माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांब गेले. हवा होती पण आत येत नव्हती. मला ठाम कळलं की मी आता मरणार. वाटलं नव्हे, कळलं. दत्तूनं माझं तोंड बघितलं आणि दंडाला धरून पोत्यांच्या थप्पीमागं नेलं. त्यालाही काय करायचं ते ठाऊक नव्हतं. जे येत होतं ते त्यानं केलं. पंचा माझ्या हातावर टाकला, खाली हात घातला आणि दोन बोटं घट्ट धरली.

"किती?"

"दत्ता, मराय लागलोय मी."

"मर की मग. पर आदी आकडा सांग."

"दोन."

"हां. आता?"

"पाच."

"आता?"

"सात... न्हाई, आठ."

"चुकलास. सातच हुता. ह्या भावानं माल घेतलास तर आमचा बा तुला दुकानाच्या पायरीवर उभं करणार न्हाई."

मला हसू आलं. मरणाऱ्या माणसाला हसू येतं हे मला माहीत नव्हतं. हसताना श्वास बाहेर पडला आणि बाहेर पडला म्हणून आत आला. वीस-पंचवीस आकडे झाले असतील. ढोल हळू झाला, मग थांबला. मी पोत्याला टेकून बसलो. अंगातला सदरा भिजून हळदीच्या डागांनी नकाशा झाला होता.

आत्यानं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मामा म्हणाले पित्त आहे. त्या दुखण्याला आमच्याकडं नाव नव्हतं. 'भित्रा' हा एक शब्द तेवढा होता, आणि तो माणसाला लागायचा, दुखण्याला नव्हे. माझी नात सई सांगलीला कॉलेजात आहे. तिच्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर काढून समजावलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात, त्यानं माणूस मरत नाही, लाट येते आणि ओसरते. मी मान हलवली. लाट ओसरते हे मला पोत्यांच्या मागं कळलं होतं. त्याला इंग्रजी नाव आहे हे कळायला पन्नास वर्षं लागली. ते आत्ता राहू दे. दत्तूनं त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. अण्णांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही एवढंच मी म्हणालो, आणि तो म्हणाला, "बोटातली गोष्ट बोटात."

उजाडल्यावर आम्ही कृष्णेच्या घाटावरून पळायला लागायचो. दत्तू माझ्या पुढं. नेहमीच पुढं. त्याच्या लांब टांगांना मी शेवटपर्यंत गाठू शकलो नाही.

भरतीच्या सकाळी साताऱ्याच्या मैदानावर चार-पाचशे पोरं उघड्या अंगानं रांगा धरून उभी होती. समोर अजिंक्यतारा, उन्हाला नुकती धार येत होती. छाती मोजून झाली, उंची मोजून झाली. पळायला दहा-दहा जणांना सोडत होते. आमच्या पुढं दोन रांगा उरल्या. दत्तू माझ्या उजव्या अंगाला उभा, खांद्यावर तो पंचा, कारण पंच्याशिवाय तो अंघोळीलाही जात नसे. पुढची रांग सुटली, शिट्टी वाजली आणि त्या शिट्टीबरोबर माझ्या छातीत ढोल सुरू झाला.

या वेळी पोत्यांची थप्पी नव्हती. लपायला जागा नव्हती. मागं अण्णा, न्हावी, कुलकर्णी मास्तर, सगळं गाव माझ्या पाठीवर बसलं होतं. पायाखालची जमीन मऊ झाली. डोळ्यांच्या कडांनी अंधारून आलं. मला वाटलं आता पळून जावं, आणि पळायलाच तर आलो होतो. मी नुसतं "दत्ता" म्हणालो. त्यानं मान वळवली नाही. पंचा खांद्यावरून सरकवून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि माझी तीन बोटं धरली.

"किती?"

"तीन."

"मोठ्यानं नगं. आता?"

"एक."

"आता?"

मला कळेना. बोटांना मुंग्या आल्या होत्या, त्याचा दाब लांबून येत होता. "कळंना दत्ता."

"कळंल. घाई न्हाई. माल कुटं पळून चाललाय." त्यानं पुन्हा दाबलं, सावकाश, जसं आंधळ्याला जिना दाखवावा. मी सगळं लक्ष त्या तळव्यात नेलं. छाती आपटू दे, म्हटलं, तिचं ती बघेल. मला फक्त हा आकडा पाहिजे. "सहा," मी म्हणालो. "बराबर," तो म्हणाला. मग चार, मग नऊ, मग पुन्हा नऊ. दुसऱ्या नवाला मला माझे तळपाय लागले. खाली खडी होती, टोचत होती, आणि ती टोचते आहे याचा मला इतका आनंद झाला की तो आजही सांगता येत नाही. हवा आत आली. किल्ला होता तिथं परत दिसायला लागला. औषध नाही, देव नाही, अंगारा नाही. मैदानाच्या मधोमध, उभ्या उभ्या, मी ते परतवून लावलं होतं. पुढं फौजेत मला दोन वेळा शाबासकी मिळाली, एकदा छातीवर बिल्लाही लागला. पण खरी लढाई कुठली जिंकलीस असं विचारलं तर मी ती सकाळ सांगेन.

इथंच थांबायला हवं होतं. आजवर इथंच थांबत आलो.

भरतीचा हवालदार रांग तपासत आला. त्याला पंच्याखालचे हात दिसले. काठीनं त्यानं पंचा उडवला. आमचे हात एकमेकांत, माझा घामानं निथळलेला. त्यानं माझ्याकडं बघून हिंदीत विचारलं, "डर कौन रहा है? तू?"

मी म्हणालो, "हा."

गेली पन्नास वर्षं मी स्वतःला समजावत आलो आहे की मी 'हां' म्हणालो होतो. हिंदीतलं हां. होय साहेब, मीच. हवालदाराच्या ऐकण्यात चूक झाली, मराठी आणि हिंदी एका अक्षरात अडकली, त्याला मी काय करू. असं समजावत मी किती वेळा झोपलो त्याची गणती नाही. पण माझा डावा हात वर गेला होता आणि त्याचं एक बोट पुढं होतं. ते बोट दत्तूकडं होतं. आणि सगळ्यात वाईट हे की त्या क्षणी मला भीती वाटतच नव्हती. ती गेली होती. त्यानंच घालवली होती. मी पूर्ण शुद्धीत, मोकळ्या श्वासानं ते बोट दाखवलं.

हवालदारानं दत्तूला दंडाला धरून बाहेर काढलं. "घर जा. माँ के पास." रांगेत पोरं हसली. सौद्याला उभ्या राहिलेल्या माणसासारखं दत्तूचं तोंड दगडी झालं होतं. पंचा उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि मैदानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसला.

शिट्टी वाजली. मी पळालो. असा मी त्याआधी कधी पळालो नव्हतो आणि पुढंही नाही. पुढं दत्तूची पाठ नव्हती, म्हणून असेल. शेवटच्या वळणावर लिंबाखाली तो उभा दिसला, हात उंच केलेला. मी रेषा ओलांडली तेव्हा मला माझा नंबर कळला नव्हता. मी वळून बघितलं. त्यानं तीन बोटं वर धरली होती आणि तो हसत होता.

सांगलीला अण्णा येऊन बसले होते. आत्यानं जिलेबी आणली होती. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. मग विचारलं, "आणि ह्येचं काय झालं? हा तर तुज्याहून जोरात पळणारा."

मी जिलेबीकडं बघत म्हणालो, "दत्तू घाबरला. रांगेतच थरथर कापाय लागला."

आत्याचा हात परातीवर थांबला. दत्तू जिलेबी मोडत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, फार नाही, रुमाल हातावर पडायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाला, "व्हय. लय गर्दी हुती." मामांनी माझ्या हातांकडं बघितलं, तेव्हा मी हात मांडीखाली घेतले. त्या दिवसापासून भावकीत दत्तूचं नाव 'थरकाप्या' पडलं. त्याच्या लग्नात ते हळू आवाजात चाललं, त्याची पोरं झाली तेव्हा मोठ्यानं. मी सुट्टीवर आलो की कुणीतरी हटकून म्हणायचं, सांगा की सर्जेराव ती भरतीची गोष्ट. आणि मी सांगायचो. तो समोर बसलेला असला तरी सांगायचो.

बर्फ मी बघितला. पुष्कळ बघितला. तिथंही ते दुखणं दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा मी हातमोज्यातल्या हातानं दुसऱ्या हाताची बोटं दाबत, मनात "किती?" विचारत, ते परतवलं. मला त्यानं कधी पाडलं नाही. एका आंध्रातल्या जवानाला पहारा चालू असताना असंच धरलं. मला तेलुगू येत नव्हतं, त्याला मराठी कळत नव्हती. पण बोटं धरली की एक म्हणजे एकच असतो. दहा मिनिटांत तो पोरगा माझ्याकडं बघून दात काढायला लागला. सांगलीच्या हळदीच्या बाजारातली एक खूण कुठल्या कुठं जाऊन माणूस उभा करत होती. आणि ज्याची ती होती, तो सांगलीत थरकाप्या होता.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी सई आमच्या सोप्यात पुस्तकं मांडून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा. एकदम उठली, भिंतीला टेकली, तोंड पांढरं. "आजोबा, मला श्वास घेता येत नाहीये."

मी तिची ओढणी तिच्या हातावर टाकली आणि खाली दोन बोटं धरली. "किती?"

"आजोबा, श्वास..."

"श्वास राहू दे. तो कुठं जात नाही. किती?"

"दोन."

तिला आठव्या आकड्याला तळपाय लागले. मला कळलं, कारण तिनं खाली फरशीकडं बघितलं आणि अंगठे हलवले. पुढं ती परीक्षेला गेली, टेबलाखाली स्वतःची बोटं दाबत बसली आणि पहिल्या वर्गात आली. घरात पेढे वाटले. पण त्या दुपारी पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, "फौजेत शिकवतात."

सत्तरी ओलांडल्यावर, आपल्या नातीला. तिसऱ्या दिवशी मी सांगलीची एसटी धरली.

दत्तूला अर्धांगवायू होऊन सहा महिने झाले होते. वाचा गेली होती, उजवा हात शाबूत होता. बाजाराची गल्ली सोडून ते आता नव्या घरात राहतात. खोली स्वच्छ, खाटेवर पांढरी शुभ्र चादर. सून म्हणाली, "आबा, बघा कोण आलंय." त्यानं बघितलं, आणि चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती ती हसली. सून मला म्हणाली, "तुमचं लय सांगायचे हे. साताऱ्याला तुमी कसं पळाला, वाऱ्यागत. दर टायमाला एवढंच सांगायचे." ती चहा टाकायला आत गेली.

उशाशी पंचा होता. मी तो आमच्या हातांवर टाकला. बोलायचं होतं ते वाक्य मी एसटीत शंभर वेळा घोकलं होतं. ते तोंडातून निघेना. म्हणून मी बोटांनी सांगायला गेलो, आणि त्याचा हात हातात घेतल्यावर लक्षात आलं की त्या भाषेत फक्त आकडे आहेत. मग त्यानंच माझी तीन बोटं धरली. एक, दोन, तीन, घट्ट. माझा नंबर. पुन्हा धरली, आणि माझ्याकडं बघत राहिला, मी आकडा सांगण्याची वाट बघत.

"तीन," मी म्हणालो.

सून चहा घेऊन आली. मी चहा छान झालाय म्हणालो. पुढच्या आठवड्यात परत येतो म्हणालो. पुढच्या आठवड्याच्या आधी तिचाच फोन आला.

ते वाक्य अजून माझ्याकडंच आहे. सईला मी ही वही आज वाचायला देणार आहे, म्हणून तिच्या साक्षीनं इथं लिहून ठेवतो. दत्ता, साताऱ्यात घाबरलेला तू न्हवतास. मी हुतो. मला माफ कर.